पखालीतलं पाणी

काशीतल्या ब्रह्मा घाटावरच्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी कुणी ना कुणी आपल्या नोकरीबद्दल लिहितं. रेल्वेतले काका लिहून झाले, बँकेतले दोघे लिहून झाले, विद्यापीठातल्या बाईंनी तर दोनदा लिहिलं. यंदा माझी पाळी. “वसुधाताई, तुमचं ते कंप्यूटरच्या खेळांचं काहीतरी मजेशीर होऊन जाऊ द्या,” असं संपादक म्हणाले. मजेशीरच लिहायला बसले होते. पण खरं सांगू? इतक्या वर्षांच्या नोकरीतलं मला सगळ्यात ठळक काय आठवतं, तर मी एका भल्या माणसावर किती जळले ते. तेव्हा तेच लिहिते. ज्यांना मजा हवी असेल त्यांनी पाककृतींचं पान उघडावं.

आधी धंदा सांगते. मी पिशव्या करते. हसू नका. मोबाइलवर खेळ खेळताना तुमच्या नातवाचा तो छोटा माणूस रस्त्यात लिंबू उचलतो, किल्ली उचलतो, दोरखंड उचलतो. ते सगळं जातं कुठे? त्याच्या पिशवीत. आमच्याकडे तिला इन्व्हेंटरी म्हणतात, पण आमचे मालक पांडेजी पहिल्या दिवसापासून झोलाच म्हणतात. पिशवीला कप्पे असतात. एका कप्प्यात वीस लिंबं राहतात, पण दोरखंड एकच. भरली की ‘जागा नाही’ म्हणायचं. काढायचं, ठेवायचं, एका ढिगाचे दोन ढीग करायचे, दुसऱ्याला द्यायचं, फेकून द्यायचं. माझे वडील, नाना, घाटावर पौरोहित्य करायचे. त्यांना हे सगळं समजावून सांगितलं तर म्हणाले, “याला काम म्हणतात होय?”

म्हणतात. कारण पिशवी सरळ चालली तर कुणाला दिसत नाही आणि बिघडली तर अख्खा खेळ बसतो. आमच्या टेस्टिंगवाल्यांनी एकदा पिशवी उचलून त्याच पिशवीत ठेवून बघितली. खेळ आत आत जो गेला तो बाहेरच येईना. कानपूरच्या एका गृहस्थांना लग्नाच्या पंगतीचा खेळ हवा होता. त्यांची अट अशी, की वाढप्याकडे चारशे लाडू मावले पाहिजेत पण झोळी फुगलेली दिसता कामा नये. दुसऱ्या एकांना पिशवीत गाय हवी होती. म्हटलं, अहो, गाय कशी पिशवीत जाईल? तर म्हणे, “बहनजी, खेल ही तो है।” घातली गाय.

प्रत्येक खेळाला मी नव्यानं पिशवी शिवायची. शेवटी पांडेजी वैतागले. “वसुधा जी, हर बार नया झोला काहे सिलती हैं? एक ऐसा बनाइए जो सबमें लग जाए।” त्यावर मी वर्ष घातलं. कुठल्याही खेळात उचलून बसवता येईल अशी पिशवी करायची, तर एकच गोष्ट सांभाळायची असते: पिशवीचं काय आणि खेळाचं काय, हे वेगळं ठेवायचं. कप्पे मोजणं हे पिशवीचं काम. लिंबाचं सरबत होतं, हे त्या खेळाचं. खेळाची गोष्ट पिशवीत शिरली की पुढच्या खेळात ती टोचणार म्हणजे टोचणारच. सोपं आहे की नाही? मला अगदी पाठ होतं. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हे प्रवचन देत असे.

या पिशवीचा पहिला खेळ होता काशीयात्रेचा. यात्रेकरू घाटाघाटांनी फिरतो, फुलं, बेल, गंगाजल गोळा करतो. त्यात मी आपणहून एक भर घातली. यात्रेकरूनं चामड्याच्या वहाणा गंगाजलाशेजारी ठेवल्या तर पाणी खराब होतं, पूजेला चालत नाही. पुन्हा घाट उतरून भरून आणायचं. आमच्या घरात हे सांगावंसुद्धा लागत नसे. नानांच्या पूजेच्या पाण्याजवळून कुणी पट्टा घालून गेलं तरी कळशी मोरीत उपडी व्हायची आणि आई पदर खोचून परत नदीवर. पांडेजींना ते इतकं आवडलं, की सगळ्यांना बोलावून दाखवलं. गिऱ्हाईकही खूश. मीही खूश.

आणि हा नियम मी लिहिला कुठे? खेळात नाही. पिशवीत, अगदी तळाशी. मुद्दाम नव्हे हो! मला तो त्या खेळाचा नियम वाटलाच नाही. आग हात भाजते, दगड बुडतो, तसंच हे, असं माझ्या डोक्यात होतं. पुढचे दोन खेळ लग्नाचे आणि शाळेचे. त्यांत चामडं नव्हतंच, त्यामुळे तो नियम खाली नुसता पडून राहिला आणि मी विसरून गेले.

मग नसीम आला. मदनपुऱ्याचा, विणकरांच्या घरातला, चाळिशीचा माणूस. आधी साड्यांचे नक्षे काढायचा. आमच्याकडे तो पिशवीतल्या वस्तूंची चित्रं काढायला म्हणून लागला. किल्ली, दिवा, नारळ. हात असा सुरेख, की नारळाची शेंडीसुद्धा मोजून घ्यावी. बोलणं कमी. मला पहिल्या दिवसापासून “दीदी”. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याला मी माझं प्रवचन दिलं, पिशवी उघडून दाखवली. तो ऐकत राहिला, प्रश्न विचारत राहिला. वर्षभरात कोड लिहायला शिकला. तेही माझ्याकडेच.

एक दिवस जेवायच्या सुट्टीत तो पांडेजींना म्हणाला, “करघा तो वही रहता है सर। नक्शे का पत्ता बदल दीजिए, साड़ी बदल जाती है। झोला भी ऐसा हो तो?” मागाला लावायचे ते भोकं पाडलेले पुठ्ठे असतात ना, त्यांना ते पत्ते म्हणतात. याच्या म्हणण्याप्रमाणे पिशवीला काही म्हणजे काही कळता कामा नये. प्रत्येक वस्तूनं आपला पत्ता बरोबर आणावा, खेळानं आपले नियम पत्त्यावर लिहून द्यावेत, पिशवीनं नुसतं वाचावं. तीन आठवड्यांत त्यानं ती करून दाखवलीसुद्धा.

पांडेजी खुर्चीतून उठले. “वाह उस्ताद!” त्या दिवसात चार वेळा वाह झालं, मी मोजलं. मला आजवर मिळालेलं सर्वांत मोठं कौतुक म्हणजे “ठीक है, वसुधा जी।”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझंच प्रवचन, माझ्याकडूनच शिकलेला माणूस, आणि ज्याला मला वर्ष लागलं ते यानं तीन आठवड्यांत केलं, तेही माझ्यापेक्षा स्वच्छ! हे स्वच्छ होतं, ते मला पहिल्या वाचनातच कळलं होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं. मग त्याचं काहीच मला बघवेना. तो पाचच्या ठोक्याला काम संपवून उठायचा, त्याचा राग. त्याच्या कोडमध्ये चुका नसायच्या, त्याचा राग. माझे यजमान एकदा ऑफिसात आले, त्याच्याशी दहा मिनिटं बोलले आणि घरी येऊन म्हणतात, “काय सभ्य माणूस आहे गं!” त्या दिवशी आमटी वाढताना पळी जरा आपटलीच माझ्याकडून.

मग काफिल्याचा खेळ आला. वाळवंट, उंट, तहान. यात्रीनं पाणी आणि खाणं सांभाळत पलीकडे पोचायचं. बाहेरगावचं मोठं गिऱ्हाईक. पांडेजींनी जाहीर केलं, “शुक्रवार को दोनों झोले दिखाइए। जो चलेगा, आगे हर खेल में वही लगेगा।”

म्हणजे एक पिशवी राहणार आणि दुसरी माळ्यावर जाणार. माझी गेली तर माझं तिथे उरणार काय? चित्रं मला येत नाहीत, गोष्टी सुचत नाहीत. त्या ऑफिसात मी झोलेवाली म्हणूनच होते.

दोन्ही पिशव्यांना वस्तूंची यादी एकच होती. चित्रं नसीमची, म्हणून यादीही त्यानंच केलेली: वस्तूचं नाव, वजन, कशाची बनलेली. खजूर, भाकरी, मडकं, पाण्याची पखाल.

मंगळवारी तो माझ्याकडे आला. “दीदी, एक बार हमारा देख लीजिए। आपकी नज़र तेज है।”

मी बघितलं. दहा मिनिटांत सापडलं. पिशवी गच्च भरलेली असताना खजुराच्या ढिगाचे दोन ढीग केले, तर दुसरा ढीग ठेवायला कप्पाच नसतो. तो हातातच राहतो. तशात पिशवी बंद केली, की हातातले खजूर गेले. नाहीसेच. मला लगेच कळलं, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी हीच चूक मी केली होती आणि लाडवांनी मला महिनाभर रडवलं होतं. ही चूक अनुभवाशिवाय दिसत नाही. त्याच्याकडे अक्कल होती, अनुभव नव्हता, आणि त्या एका क्षणी मला त्याचा इतका आनंद झाला!

तो उभा होता. मी म्हटलं, “अच्छा है.”

“पक्का दीदी?”

“पक्का.”

शुक्रवारी पडद्यावर गिऱ्हाइकाकडच्या बाई बसल्या होत्या. आधी नसीमची पिशवी. सगळं छान चाललं होतं. मग बाई म्हणाल्या, “ऊँटवाले को थोड़े खजूर दीजिए।” पिशवी भरलेली. त्यानं ढीग तोडला, पिशवी मिटली, आणि खजूर गायब. “खजूर कहाँ गए?” त्यानं पुन्हा करून बघितलं, पुन्हा गायब. पांडेजी छताकडे बघायला लागले. नसीम शांतपणे म्हणाला, “गलती हमारी है।” मी मूग गिळून बसले होते. वर चेहरा असा, की बिचाऱ्याचं फार वाईट झालं.

मग माझी. खजूर दिले, भाकरी खाल्ली, पखालीतलं पाणी प्याले, यात्री पलीकडे पोचला. माझी पिशवी ठरली. पांडेजींच्या तोंडून माझ्यासाठी पहिल्यांदा वाह निघालं, सगळ्यांना लौंगलता आली, ती पाकातली, लवंग टोचलेली मिठाई. नसीम माझ्याजवळ येऊन म्हणाला, “मुबारक हो दीदी।” मी दोन लौंगलता खाल्ल्या.

दोन महिन्यांनी टेस्टिंगवाल्यांची तक्रार आली: यात्री मरतोय. पखाल पाण्यानं भरलेली, यात्री घटाघटा पितोय आणि तरी तहानेनं मरतोय. आधी मी त्यांनाच झापलं, नीट खेळता येत नाही म्हणून. मग स्वतः खेळले. माझाही यात्री मेला. आठवडाभर शोधलं. तहानेचं गणित तपासलं, ऊन तपासलं, उंटसुद्धा तपासला. पांडेजी रोज सकाळी दारातूनच विचारायचे, “मिला?” आणि मी मान हलवायची.

एका दुपारी मी डबा खात होते. नसीम खुर्ची ओढून शेजारी बसला. आवाज अगदी हळू.

“दीदी, पानी चमड़े में जाते ही खराब हो जा रहा है। खराब पानी से प्यास बुझती नहीं। झोले में सबसे नीचे लिखा है। यात्रा वाले खेल का नियम है न? वहीं छूट गया होगा।”

घास हातातच राहिला. पखाल चामड्याची! माझ्या पिशवीच्या तळाशी नानांची कळशी अजून उपडी होत होती, आणि भर वाळवंटात ती माणसं मारत होती.

त्यानं मला वाट करून दिली होती. “हो, तिथलाच राहून गेला,” एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तो नियम मी कुठे आणि का लिहिला होता, ते मला माहीत होतं. कान तापले माझे. मी म्हटलं, “आमच्या घरी चामड्याला लागलेलं पाणी चालत नसे नसीम. मला वाटलं, सगळीकडेच नसतं चालत.”

तो म्हणाला, “हमारे यहाँ शादियों में भिश्ती चाचा आते थे, मशक लेकर। सब उसी से पीते थे। ठंडा रहता था।” मशक म्हणजे पखालच. टोमणा नव्हता त्यात. तो नुसतं सांगत होता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मग मला सुचलं. “पण शुक्रवारी तर चाललं होतं! यात्री पाणी प्याला होता.”

नसीम टेबलाकडे बघत राहिला. “हम उसके पहले आपका झोला चलाकर देखे थे। पानी खराब हो रहा था। तो लिस्ट में पखाल को कपड़े का लिख दिए, कि उस दिन आपका काम न बिगड़े। सोचे थे, बाद में बता देंगे।” पुढे गिऱ्हाइकाच्या माणसानं यादी तपासताना ‘कापडाची पखाल कशी असेल’ म्हणून ते चामडं केलं, आणि तिथून यात्री मरायला लागले.

“मग बाद में सांगितलं का नाही?”

“हमारा झोला तो सबके सामने गिर चुका था। बोलते तो लगता, जल रहे हैं।”

मी डबा मिटला. तो म्हणाला, “दो लाइन है दीदी। हटा दीजिए। किसी को कहने की जरूरत नहीं।”

दोन ओळी मी काढल्या. पण मग तळाशी आणखी काय काय आहे ते वाचायला लागले. अर्धी खाल्लेली भाकरी सबंध भाकरींच्या कप्प्यात परत जात नव्हती, उष्टं ना! टाकून दिली जात होती. एका कप्प्यातला दिवा विझला तर शेजारची फुलं बाद. हे सगळं मी लिहिलं होतं. यातलं प्रत्येक पुढे कुठल्या ना कुठल्या खेळात कुणाला तरी मारणार होतं, आणि दर वेळी दोन ओळी पुसायला नसीम शेजारी बसणार होता थोडाच. त्याची पिशवी कोरी होती. तिला ना चामडं कळत होतं, ना उष्टं.

मी पांडेजींच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं; नियम माझा, चूक माझी, आणि पुढच्या खेळांना नसीमचीच पिशवी घ्या. तोंडातून शब्द निघताना असं वाटत होतं, की मी स्वतःच उठून स्वतःची खुर्ची बाहेर नेऊन ठेवतेय. पांडेजी म्हणाले, “लेकिन उसमें तो खजूर गायब होता है।”

“ते मी दुरुस्त करून देते.”

पांडेजींनी नसीमला बोलावून सांगितलं. त्याचा चेहरा असा उजळला, की अजून आठवतो. आम्ही दोघं त्याच्या जागेवर बसलो. मी त्याची पिशवी उघडली, थेट त्या जागी गेले, पाच ओळी लिहिल्या. हातातल्या वस्तूला परत जुन्या ढिगात पाठवायचं, एवढंच होतं. पंधरा मिनिटं लागली. खजुराचा ढीग तोडला, पिशवी मिटली, उघडली. खजूर जागच्या जागी.

तो बघतच राहिला. “इतनी जल्दी कैसे मिल गया दीदी? हम पंद्रह दिन ढूँढे थे। नहीं मिला।”

अनुभव, असं म्हणता आलं असतं. त्यानं ते मानलंही असतं, वर पाया पडला असता. शब्द जिभेवर आला होता. पण त्यानं कापडाची केलेली ती पखाल डोळ्यांसमोर होती, आणि मला ते म्हणवेना.

“मला मंगळवारीच दिसलं होतं,” मी म्हटलं.

“कौन मंगल?”

“तू दाखवायला आला होतास, तो.”

त्याला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. तो म्हणाला, “आप बोली थीं, अच्छा है।”

“हो.”

“हम पूछे भी थे, पक्का?”

“हो.”

चिडला असता, पांडेजींकडे गेला असता, तर मी हात जोडले असते. त्यानं फक्त खुर्ची थोडी मागे सरकवली आणि पडद्याकडे बघत म्हणाला, “अच्छा।” पाचला उठून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाशी आला, नेहमीसारखाच अदबीनं. “मैडम, ये लिस्ट देख लीजिएगा।”

त्यानंतर आमचे चार खेळ त्याच्या पिशवीवर निघाले. त्या पाच ओळी अजून तिच्यात आहेत. माझी खुर्ची कुणी बाहेर काढली नाही. मी त्याच्या पिशव्या तपासते, चुका दाखवते, दिसेल ती लगेच दाखवते. तो ऐकतो, लिहून घेतो, “थैंक यू मैडम” म्हणतो. त्याच्या कामावर मी आता जळत नाही. त्यातून सुटले, असं वाटलं होतं.

मागच्या महिन्यात ऑफिसात पुष्पा नावाच्या एक बाई नवीन लागल्या. माझ्याच वयाच्या, खेळांच्या गोष्टी लिहितात, पिशवीतलं त्यांना ओ की ठो कळत नाही. दुपारी डबे उघडले आणि नसीम आपला डबा पुढे सरकवत त्यांना म्हणाला, “दीदी, अचार लीजिए।” त्यांनी सहज घेतलं. त्यांना काय ठाऊक, काय मिळालं ते. मी मात्र त्यांच्यावर अशी काही जळले, की पन्नाशीच्या बाईनं सांगू नये. त्यानं डबा माझ्याकडेही फिरवला. “मैडम, आप?”

मी लोणचं घेतलं.